ट्रॅव्हर्टाइन, कोटा की व्हिट्रिफाइड: घराची फरशी ठरवताना

फरशीच्या दुकानात फिकट बदामी रंगाचा, आडव्या रेघांचा ट्रॅव्हर्टाइन दिसला की नजर तिथेच खिळते. शेजारच्याच रॅकवर हुबेहूब तशीच दिसणारी व्हिट्रिफाइड टाइल बऱ्याच कमी दरात मांडलेली असते आणि घरातली वडीलधारी मंडळी ‘सरळ कोटा टाका, आयुष्यभर बघायला नको’ असे सांगत असतात. या तिन्हींतून निवड करायची असेल, तर दर आणि रंग यांच्या आधी एका प्रश्नाचा निकाल लावावा, असे माझे मत आहे: ज्या खोलीसाठी फरशी घ्यायची, तिथे जमिनीवर काय सांडणार आहे आणि ते कोण, कशाने पुसणार आहे?

ट्रॅव्हर्टाइन हा चुनखडीचाच एक प्रकार आहे. कॅल्शियम विरघळलेले पाणी झऱ्यांतून, विशेषतः गरम पाण्याच्या झऱ्यांतून, वर आले की त्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि मागे कॅल्शियम कार्बोनेटचे थरावर थर साचत जातात. वायूचे बुडबुडे आणि थरांत अडकून पुढे कुजलेल्या वनस्पती यांमुळे त्यात आंबोळीला पडावी तशी जाळी तयार होते. रोमजवळच्या तिवोली येथील खाणी प्राचीन काळापासून प्रसिद्ध आहेत, आणि तुर्कस्तान व इराण येथूनही या दगडाची निर्यात होते. विक्रेते रोमच्या कलोसियमचा दाखला देऊन हा दगड दोन हजार वर्षे टिकतो असे सांगतात. ते खरेच आहे, परंतु तो दाखला दगडाच्या भार पेलण्याच्या शक्तीचा आहे. चिंचेचा कोळ सांडल्यावर त्याची झिलई टिकेल की नाही, याचे उत्तर त्यात मिळत नाही.

ती झिलई टिकत नाही. कॅल्शियम कार्बोनेटची आम्लाशी तत्काळ अभिक्रिया होते, त्यामुळे लिंबू, चिंच, कोकम, टोमॅटो, व्हिनेगर आणि शौचालय धुण्याची आम्लयुक्त द्रावणे या साऱ्यांनी पृष्ठभाग अक्षरशः खाल्ला जातो. दुकानदाराकडून पॉलिश केलेला एक तुकडा मागून घ्यावा, त्यावर लिंबाचे दोन थेंब टाकून पाच-दहा मिनिटांनी पुसावे आणि तो खिडकीच्या उजेडात तिरका धरून पाहावा. थेंब जिथे होता तिथे निस्तेज वर्तुळ दिसते आणि बोट फिरवले तर किंचित खरखर लागते. हा डाग नसून झीज आहे, म्हणून ती साबणाने जात नाही. तेवढा भाग पुन्हा घासून घ्यावा लागतो. सीलर लावला की काळजी मिटते, असे बरेच जण गृहीत धरतात. दगडात मुरणारा सीलर तेल, चहा, हळद यांना आत शिरायला उशीर लावतो, म्हणून तो हवाच. परंतु आम्लाने होणारी झीज तो थांबवत नाही, आणि वापरानुसार एक ते तीन वर्षांनी तो पुन्हा द्यावा लागतो. फरशीवर पाण्याचे थेंब टाकल्यावर ते मोत्यासारखे उभे न राहता दगड काळपट दिसू लागला, तर ती वेळ आली असे समजावे.

कोट्याविषयी बोलताना एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही: राजस्थानातील कोटा भागातून येणारा हा दगडही चुनखडीच आहे आणि लिंबू त्याचीही झिलई घालवते. मग तो एवढा बिनघोर का मानला जातो? त्याचे कण बारीक आणि घट्ट असतात, त्यामुळे पाणी व तेल सावकाश मुरते. त्याचा हिरवट-करडा रंग डाग पोटात घेतो. आणि तो बसवल्यानंतर जागेवरच मशीनने घोटण्याची पद्धत असल्यामुळे काही वर्षांनी पुन्हा पॉलिश करणारा कारागीर तालुक्याच्या गावीही मिळतो. ट्रॅव्हर्टाइनचे तसे नाही. तो पुन्हा घोटता येतो, पण घोटताना जाळीची छिद्रे बुजवण्यासाठी घातलेले भरण निघू शकते आणि ते त्याच रंगात पुन्हा भरणारा जाणकार शोधावा लागतो. माझ्या मते दोन्ही दगडांच्या किमतीतला खरा फरक खरेदीच्या बिलापेक्षा या दुरुस्तीत आहे.

व्हिट्रिफाइड टाइलचे पाणी शोषण्याचे प्रमाण अर्ध्या टक्क्याहून अधिक नसते आणि घरगुती आम्लांचा तिच्यावर परिणाम होत नाही. उणीव वेगळी आहे. नक्षी वरच्या थरावर छापलेली असल्यामुळे कडेचा टवका उडाला की आतला वेगळा रंग उघडा पडतो, घासून ती नवी करता येत नाही, आणि मोठ्या दिवाणखान्यात तीच रेघ, तोच ठिपका ठरावीक अंतराने परत आलेला डोळ्यांना जाणवतो. खरेदी करताना एकाच नक्षीचे किती वेगवेगळे छाप येतात, हे अवश्य विचारावे.

आता खोल्यांकडे वळू. स्वयंपाकघरात ट्रॅव्हर्टाइन घालू नये, असे मी स्पष्टपणे सांगेन. ज्या घरात रोज फोडणी, आमटी आणि सोलकढी होते, तिथे झीज आणि डाग दोन्ही पहिल्याच वर्षी दिसू लागतात. ओट्यासाठी ग्रॅनाइट आणि जमिनीसाठी व्हिट्रिफाइड किंवा कोटा हेच योग्य. देवघरात हळद-कुंकू आणि समईचे तेल असते, म्हणून तिथेही हाच विचार करावा. न्हाणीघराचा निर्णय पाणी पाहून घ्यावा. बोअरचे जड पाणी असेल, तर भिंतींवर आणि नळाखाली पांढरा खार साचतो. तो काढण्याचा नेहमीचा उपाय आम्लाचा आहे आणि खार व ट्रॅव्हर्टाइन दोन्ही मुळात एकच द्रव्य असल्यामुळे खार काढणारे द्रावण दगडही खाते. अशा घरात न्हाणीसाठी व्हिट्रिफाइडच घ्यावी. गच्ची, पायऱ्या आणि मागचे अंगण यांसाठी खरखरीत पृष्ठभागाचा कोटा पुरेसा आहे.

ट्रॅव्हर्टाइन शोभतो तो दिवाणखान्यात, शयनगृहात आणि त्याहूनही अधिक भिंतीवर, जिथे वाळूचे कण त्याला घासत नाहीत. कठीणपणाच्या मोहस् मापावर हा दगड साधारण 3 वर येतो आणि वाळूतला क्वार्ट्ज 7 वर, म्हणून चपलांबरोबर येणारी धूळ त्याच्यावर चरे पाडते. दाराशी चांगले पायपुसणे असणे आणि चपला बाहेर काढण्याची आपली सवय या दगडाच्या पथ्यावर पडते. जमिनीसाठी जाळी भरलेला आणि मंद झिलईचा, म्हणजे होन्ड, माल घ्यावा. त्यावर झीज लगेच उठून दिसत नाही आणि ओल्या पायाला तो आरशासारख्या पॉलिशपेक्षा कमी निसरडा लागतो. जाळी न भरलेला ट्रॅव्हर्टाइन देखणा असला तरी प्रत्येक छिद्रात धूळ बसते. तो भिंतीसाठीच ठेवावा.

हे सारे पटून ट्रॅव्हर्टाइनच घ्यायचे ठरले, तर निम्मे यश बसवणाऱ्याच्या हाती असते. जाळीदार फिकट दगडातून करड्या सिमेंटची छटा वर येऊ शकते, म्हणून पांढऱ्या रंगाचे टाइल अॅडहेसिव्ह वापरावे आणि ते फरशीच्या पाठीला सर्वत्र लावून घ्यावे. चार कोपऱ्यांत आणि मध्ये गोळे ठेवून बसवलेली फरशी पोकळ वाजते आणि त्या पोकळ जागी जड वस्तू पडली की फुटते. जुन्या सदनिकेत आधीच्या फरशीवर नवी घालायची असेल, तर वजन पाहावे: 20 मिलिमीटर जाडीचा हा दगड दर चौरस मीटरला पन्नास किलोच्या जवळ जातो, त्यामुळे स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय हे करू नये. पातळ व्हिट्रिफाइड टाइल त्या कामाला अधिक सोयीची आहे.

काम संपताना सर्वांत मोठा धोका असतो. सिमेंटचे ओघळ काढण्यासाठी शेवटच्या दिवशी सगळी फरशी अॅसिडने धुण्याची पद्धत आपल्याकडे रूढ आहे, आणि एका बादलीत सगळ्या घराची झिलई जाऊ शकते. ही सूचना कंत्राटदाराला तोंडी न देता कामाच्या करारात लिहून घ्यावी आणि धुण्याच्या वेळी घरच्या कोणीतरी तिथे उभे राहावे. माल मागवताना तुटफूट व कापणीसाठी दहा ते पंधरा टक्के जास्त धरावा, सगळा एकाच लॉटमधला घ्यावा, बसवण्यापूर्वी तो जमिनीवर कोरडा मांडून रंगांची जुळणी पाहावी, आणि उरलेल्या सात-आठ फरशा कोणाला न देता माळ्यावर ठेवाव्यात, कारण पुढच्या खेपेला येणारा दगड खाणीच्या वेगळ्या थरातला असतो आणि त्याचा रंग जुन्याशी सहसा जुळत नाही.