नाव बँकेचे, क्रमांक भामट्याचा

घरच्या लँडलाइनला जोडण्याचे कॉलर आयडीचे, म्हणजे फोन करणाऱ्याचा क्रमांक दाखवणारे, उपकरण आपण दारावर आलेल्या विक्रेत्याकडून घेतले असेल, आणि ते जोडण्यापासून त्यात ओळखीच्यांची नावे भरण्यापर्यंतचे सगळे काम त्यानेच करून दिले असेल, तर पुढचा मजकूर वाचण्याआधी त्या उपकरणातील फोनबुक उघडून बँकेच्या नावासमोर कोणता क्रमांक भरलेला आहे, तेवढे कृपया पाहून घ्यावे. नाशिकला राहणाऱ्या माझ्या आत्याचे ९६,००० रुपये अशा एका नोंदीच्या आधारे काढून घेण्यात आले.

आत्या निवृत्त शिक्षिका आहे, एकटी राहते आणि व्यवहाराच्या बाबतीत आमच्या घरात सर्वांत काटेकोर आहे. मोबाइलवर अनोळखी क्रमांक दिसला की ती फोन उचलत नाही, ओटीपी कोणालाही सांगू नये हे ती शेजारच्यांना बजावत असते, आणि मोबाइलवर फसवणुकीचे फोन फार येतात म्हणूनच तिने जुनी लँडलाइन हट्टाने चालू ठेवली आहे. हे मुद्दाम सांगतो, कारण ‘म्हातारी माणसे भोळी असतात’ एवढे म्हणून हा प्रकार बाजूला सारता येत नाही. तिचा सावधपणा जिथे सैल पडेल अशी एकच जागा होती, ती म्हणजे दिवाणखान्यातला तो फोन, आणि भामट्यांनी नेमकी तीच निवडली.

विक्रेता तरुण होता, गळ्यात ओळखपत्र होते. आपण टेलिफोन कंपनीचे कर्मचारी आहोत असे तो एकदाही म्हणाला नाही. ‘एक्स्चेंजची कामे आमच्याकडे असतात’ असे मोघम वाक्य त्याने वापरले. फोन करणाऱ्याचे नोंदणीकृत नाव समोरच्याला दिसावे, अशी शिफारस ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेने फेब्रुवारी २०२४ मध्ये केली होती आणि तिच्या बातम्या आत्याने वर्तमानपत्रात वाचल्या होत्या. त्याच बातमीचा आधार घेऊन तो म्हणाला, ‘काकू, आता लँडलाइनवरही नाव येणार, पण त्यासाठी हे मशीन लागते.’ उपकरणाचे २,२०० रुपये आणि ‘एक्स्चेंजमधून सुविधा चालू करण्याचे’ ५०० रुपये त्याने रोख घेतले.

इथे हे उपकरण कसे चालते ते थोडे सविस्तर सांगणे भाग आहे, कारण सगळी लबाडी त्या माहितीच्या अभावावर उभी होती. फोन करणाऱ्याचा क्रमांक उपकरण शोधून काढत नाही. तो क्रमांक टेलिफोन एक्स्चेंज आपल्या लाइनवर पाठवते आणि उपकरण तो फक्त वाचून दाखवते. त्यामुळे ही सुविधा एक्स्चेंजकडूनच चालू व्हावी लागते, त्यासाठी ग्राहकाने आपल्या टेलिफोन कंपनीकडे मागणी करायची असते, आणि दारावरच्या विक्रेत्याचा त्या कामाशी संबंध नसतो. आत्याच्या लाइनवर ती आधीपासूनच चालू होती, म्हणजे ते ५०० रुपये कशाचेच नव्हते. आपल्याकडच्या अनेक तांब्याच्या लाइनवर हा क्रमांक पहिली घंटा वाजण्याआधी, आपण बटणे दाबतो तेव्हा ऐकू येतात तशाच सुरांच्या रूपात येतो. या पद्धतीत आकडे येतात, नाव येऊच शकत नाही. तारीख आणि वेळही येत नाही, म्हणून ती हाताने लावावी लागते. दुसऱ्या पद्धतीत क्रमांक पहिल्या आणि दुसऱ्या घंटेच्या मधल्या काळात येतो, त्यामुळे पहिल्याच घंटेला रिसीव्हर उचलला तर पडदा कोरा राहतो. मग पडद्यावर नाव दिसते ते कुठून? उपकरणाच्या स्वतःच्या फोनबुकमधून. आलेला क्रमांक तिथल्या एखाद्या नोंदीशी जुळला की त्या नोंदीपुढे जे लिहिलेले असेल तेच पडद्यावर उमटते. तिथे कोणी काय लिहिले आहे, याची शहानिशा करणारी कोणतीही यंत्रणा त्यात नाही.

विक्रेत्याने जोडणी अगदी व्यवस्थित केली. भिंतीतून येणारी वायर ‘लाइन’ लिहिलेल्या खाचेत, फोनकडे जाणारी वायर ‘फोन’ लिहिलेल्या खाचेत, सेल नवे, तारीख अचूक. मग त्याने विचारले, ‘कोणाकोणाची नावे दिसायला हवीत?’ फोनशेजारी आत्याची डायरी होतीच. तिने मुलीचा, माझा, डॉक्टरांचा, गॅस एजन्सीचा आणि बँकेच्या शाखेचा क्रमांक वाचून दाखवला; बँक कोणती, शाखा कुठली, हेही साहजिकच त्याला कळले. बारीक बटणांवर इंग्रजी अक्षरे टिपणे तिच्या डोळ्यांना जमण्यासारखे नव्हते, म्हणून नोंदी त्याने केल्या. चार नोंदी त्याने बिनचूक केल्या. पाचवीत बँकेचे नाव लिहून क्रमांक मात्र दुसराच टाकला. लगेच मुलीला फोन करायला सांगून त्याने तिचे नाव पडद्यावर उमटलेले दाखवले, आणि त्यानंतर आमचे फोन येत राहिले तसतशी त्या पडद्याबद्दलची आत्याची खात्री वाढत गेली. सापळ्याचा खरा भाग मला हा वाटतो: यंत्र खोटे नव्हते, चार नावे खरी होती, आणि पाचव्या नावाला लागणारी विश्वासार्हता आम्हीच रोज फोन करून पुरवत होतो.

काही आठवड्यांनी, पावसामुळे घराबाहेर पडणे अवघड असलेल्या एका सकाळी, पडद्यावर बँकेचे नाव आले. बोलणाऱ्याने शाखेचे नाव घेतले, आत्याला ‘मॅडम’ म्हणून आदराने संबोधले आणि केवायसीची मुदत संपल्याने डेबिट कार्ड दुपारपर्यंत बंद होईल असे सांगितले. तिने शंका काढली, तेव्हा तो म्हणाला, ‘मॅडम, आपल्या फोनवर आमचे नाव दिसत असेलच, पाहून घ्या.’ तिने पाहिले, आणि कार्डाचा क्रमांक व त्यामागोमाग मोबाइलवर आलेले दोन ओटीपी वाचून दाखवले. त्या दोन ओटीपींनी दोन व्यवहार झाले.

सुदैवाने पैसे गेल्याचे संदेश तिने लगेच वाचले आणि मला कळवले. आम्ही १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, बँकेला कार्ड बंद करायला लावले आणि पोलिसांत गेलो. त्यामुळे एक रक्कम पुढच्या खात्यात गोठवली गेली. दुसरी तोवर निघून गेली होती. भरपाईबाबत बँकेने रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकावर बोट ठेवले: ग्राहकाने स्वतः गोपनीय माहिती दिल्यामुळे नुकसान झाले असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान ग्राहकाचे, त्यानंतरचे बँकेचे. नियम तसाच आहे, आणि तो वाचल्यावर तक्रारीतले प्रत्येक मिनिट किती मोलाचे आहे ते कळते.

आत्याच्या उपकरणात ठळक अक्षरांत फक्त नाव दिसते आणि क्रमांक पाहायला बाणाचे बटण दाबावे लागते. मी ते दाबले तेव्हा बँकेच्या नावाखाली दहा आकडी मोबाइल क्रमांक होता. शाखेचा क्रमांक असता तर तो नाशिकच्या ०२५३ या कोडचा असता. ग्राहकांना फोन करण्यासाठी बँकांना आता १६०० ने सुरू होणारी वेगळी मालिका देण्यात आली आहे, आणि जाहिरातींच्या फोनसाठी १४० ची आहे. अर्थात दिसणारा क्रमांकही पुरावा मानू नये, कारण इंटरनेटवरून फोन करताना हवा तो क्रमांक दाखवता येतो. परदेशातून येणारे पण भारतीय क्रमांक दाखवणारे फोन अडवण्याची यंत्रणा केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू केली, तेव्हा पहिल्या चोवीस तासांत असे सुमारे १.३५ कोटी फोन पकडले गेल्याचे जाहीर झाले होते. बँकेचा फोन आला तर तो ठेवून द्यावा आणि पासबुकावर किंवा कार्डाच्या मागे छापलेल्या क्रमांकावर आपण स्वतः फोन करावा. आत्या आता तेवढेच करते.

तिच्या सोसायटीत आणखी काही घरांनी त्याच तरुणाकडून तेच उपकरण घेतले होते. आम्ही ती तपासली, तेव्हा वेगवेगळ्या बँकांच्या नावांखाली तोच मोबाइल क्रमांक निघाला, आणि एका घरी तर तो गॅस एजन्सीच्या नावाखाली होता. आपल्या उपकरणात असे काही आढळले, तर घाईने ती नोंद पुसू नये. आधी नाव आणि क्रमांक दोन्ही दिसतील असे पडद्याचे छायाचित्र घ्यावे, आलेल्या फोनच्या यादीतील तारीख-वेळेचेही घ्यावे, आणि तोवर सेल काढू नयेत, कारण अनेक साध्या उपकरणांतील सगळ्या नोंदी सेल काढताच पुसल्या जातात. पैसे गेले नसले तरी संशयित क्रमांक ‘संचार साथी’ संकेतस्थळावरील ‘चक्षू’ या सुविधेत कळवता येतो. त्यानंतर सगळे फोनबुक रिकामे करून, नावे घरातल्याच कोणीतरी, डायरी समोर ठेवून, पुन्हा भरावीत.