बालीत डॉलर बदलताना आमचे १२ लाख रुपिया गेले, तुमचे जाऊ देऊ नका

आमचं पुण्यात होम डेकोरचं छोटं दुकान आहे. जुलै २०२४ मध्ये मी आणि हे बालीला गेलो होतो, आधी तीन दिवस मालाची खरेदी आणि मग चार दिवस निवांत फिरायचं असं ठरवून. उबुदजवळ मास नावाचं गाव आहे तिथे घरोघरी लाकडाचं कोरीवकाम चालतं, गणपती तर असे कोरतात की बघतच राहावं, आणि दिवाळीच्या आधी आपल्याकडे हा माल छान जातो. आम्ही ज्यांच्याकडून घेणार होतो त्यांना ॲडव्हान्स कॅशमध्येच हवा होता म्हणून डॉलर नेले होते.

तिथलं चलन रुपिया, त्याच्या शून्यांनी पहिले दोन दिवस डोकं गरगरतं. व्हिसाचेच माणशी ५ लाख, म्हणजे आपले साधारण २,६०० रुपये, शिवाय त्याच वर्षी फेब्रुवारीत सुरू झालेला दीड लाखाचा टॅक्स वेगळा. ह्या गोंधळाचाच ते लोक फायदा घेतात.

पहिल्याच संध्याकाळी कुटाला बीचवरून परत येताना गल्लीत एका कपड्यांच्या दुकानाच्या कोपऱ्यात टेबल टाकून बसलेला मनी चेंजर दिसला. बोर्डवर डॉलरला १६,७५० आणि नो कमिशन. बाकी सगळीकडे १६,२०० च्या आसपास होता. ५०० डॉलर बदलायचे होते, म्हणजे पावणेतीन लाख जास्त, आपले १,४०० रुपये. तेवढ्यासाठी थांबलो.

त्या मुलाने ५० हजाराच्या निळ्या नोटा काढल्या, १ लाखाच्या नाहीत म्हणाला. वीस-वीस नोटांचे आठ गठ्ठे टेबलावर मांडले, मी स्वतः एकेक मोजला, बरोबर होते. मग म्हणाला मॅडम वरचे पावणेचार लाख द्यायचे राहिलेत, आणि ते देता देता सगळे गठ्ठे परत स्वतःकडे ओढले, एकेक गठ्ठा टेबलावर ठोकून सरळ केला, रबर लावलं आणि हातात दिला. तेवढ्यात दुसरा मुलगा विचारत होता हॉटेल कुठलं, किती दिवस आहात, आणि आम्ही दोघं त्याच्याशी बोलत राहिलो. नोटा ठोकताना मागच्या बाजूने टेबलाच्या आत पडत होत्या हे नंतर आमच्या ड्रायव्हरने सांगितलं, तिथे ही जुनी ट्रिक आहे म्हणे. म्हणून कळकळीने सांगते, आपण मोजून झाल्यावर नोटांना परत त्याचा हात लागला तर पुन्हा पहिल्यापासून मोजा, तो कितीही चिडला तरी, नाहीतर डॉलर उचलून सरळ निघा.

दुसऱ्या दिवशी मासला ८० लाख ॲडव्हान्स द्यायला बसलो. कोरीवकाम करणारे काका वयस्कर, शांतपणे मोजत होते. पहिल्या गठ्ठ्यात १७. दुसऱ्यातही १७. आठही गठ्ठ्यांत तीन-तीन कमी! १२ लाख, आपले ६,२०० रुपये गेले. पैशापेक्षा वाईट ह्याचं वाटलं की पहिल्यांदाच व्यवहार करतोय आणि त्या माणसाला वाटलं असेल आम्हीच कमी आणले. हे तर घामाघूम झाले. वरचे पावणेचार लाखही देऊन टाकले. काका काही बोलले नाहीत, पाणी दिलं आणि वहीत उरलेले सव्वाआठ लाख बाकी लिहिले.

संध्याकाळी कुटाला त्या टेबलावर गेलो तर वेगळाच मुलगा बसलेला, मला माहीत नाही म्हणाला. पावती मागितलीच नव्हती, काय दाखवणार?

मग ड्रायव्हरने उबुदमधलं परवाना असलेलं ऑफिस दाखवलं. बाहेर बँक इंडोनेशियाच्या, म्हणजे तिथल्या रिझर्व्ह बँकेच्या, परवान्याचा बोर्ड, त्यावर 'बेरिझिन' म्हणजे परवानाधारक असं लिहिलेलं असतं, ते बघूनच आत जा. काचेचं काउंटर, पासपोर्ट बघितला, आमच्यासमोर मशीनवर नोटा मोजल्या, पावती दिली. रेट १६,१८०. तिथे १०० डॉलर बदलले आणि तसेच मासला जाऊन काकांचे सव्वाआठ लाख दिले. त्यांनी वही काढून आमच्यासमोर ती ओळ खोडली.