बार्बेरियन ते वॉरलॉक: काही महिने खेळल्यावर

डंजन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकत, पात्रं रंगवत खेळायच्या खेळाची पाचवी आवृत्ती, म्हणजे २०१४ चे नियम, आमचा ग्रुप गेले काही महिने नेमाने खेळतोय. नियमांच्या पुस्तकात १२ क्लास, म्हणजे पात्रांचे प्रकार, आहेत. वर्णनं सगळ्यांचीच भारी, पण क्लासचा खरा स्वभाव कळतो तो त्याची ताकद कशी खर्च होते आणि कधी परत मिळते यावरून.

वॉरलॉक हा जादूगारच घ्या. दुसऱ्या लेव्हलपासून दहाव्यापर्यंत त्याच्याकडे स्पेल स्लॉट (मंत्र टाकायच्या संधी) दोनच, पण तासाभराच्या शॉर्ट रेस्टमध्ये दोन्ही परत. विझार्ड या दुसऱ्या जादूगाराचे बरेचसे स्लॉट मात्र रात्रभराच्या लाँग रेस्टशिवाय भरत नाहीत. त्यामुळे प्रत्येक मारामारीनंतर वॉरलॉक म्हणणार, "जरा टेकूया का?" डीएम (खेळ चालवणारा) खेळातल्या दिवसाला एकच मोठी लढाई देणारा असेल तर वॉरलॉक घेऊच नका, उपाशी राहाल.

बार्बेरियनचं उलटं. रेज, म्हणजे त्याचा संताप, चढला की तलवार, भाला, गदा यांचे घाव निम्मेच लागतात. पण दोन पाळ्यांच्या मधल्या वेळात कुणावर वार केला नाही आणि स्वतःलाही काही लागलं नाही, तर पाळी संपताना रेज उतरतो. शत्रू पळून गेले की जीव कासावीस होतो. अशा वेळी एखादा बाण अंगात घुसला तर हायसं वाटतं! असा क्लास घेऊन विचारपूर्वक खेळणं अवघडच.

मला सगळ्यात आवडला पॅलाडिन, म्हणजे पवित्र योद्धा. स्माइट (स्लॉट खर्चून वाराला जोडलेला जादा दणका) करायचा की नाही, हे वार लागल्यावर ठरवायचं. पहिल्या लेव्हलचा, म्हणजे सगळ्यात लहान, स्लॉट जाळला की २डी८, म्हणजे आठ बाजूंच्या दोन फाशांइतका, घाव जादा. वार करतानाच्या वीस बाजूंच्या फाशावर २० पडले असतील तर तेच ४डी८. म्हणून आमचा पॅलाडिन स्लॉट कंजुषासारखे दाबून बसतो आणि २० पडले की सगळं टेबल त्याच्याकडे बघतं.

रोग (Rogue, लपूनछपून वार करणारा क्लास) याचा जीव सोबत्यांवर. स्नीक अटॅकसाठी, म्हणजे गाफील सावजाला जादा घाव घालायला, एक तर अ‍ॅडव्हान्टेज (दोन फासे टाकून मोठा आकडा घ्यायची सवलत) हवा, नाहीतर सावजाला खेटून आपला कुणीतरी हवा. "त्याच्याजवळ कोण उभंय?" हे तो दर पाळीला विचारतो.

सॉर्सरर आणि विझार्ड मात्र सुरुवातीला फारसे वेगळे वाटत नाहीत; स्पेल बरेचसे तेच, सॉर्सररचं मेटामॅजिक (मंत्रांना हवं तसं वळवायची कला) तिसऱ्या लेव्हलला. चॅम्पियन हा फायटरचा, म्हणजे लढवय्याचा, प्रकार नवख्याला सोपा, मला कंटाळवाणा. १९ लाही क्रिटिकल (दुप्पट फाशांचा घाव) मिळतो, पण त्यात ठरवायचं काय?

नवी मोहीम सुरू करणार असाल तर थेट तिसऱ्या लेव्हलपासून करा. तोवर प्रत्येक क्लासला सबक्लास (क्लासमधली खास शाखा) मिळालेला असतो.