स्प्रिंगची रायफल आणि रेस्ट : नऊ महिन्यांचा अनुभव

ऑक्टोबर ते जून या नऊ महिन्यांत मी घरच्या .१७७ बोअरच्या, स्प्रिंगवर चालणाऱ्या हवेच्या रायफलला पाच तऱ्हेचे आधार (रेस्ट) देऊन पाहिले : बायपॉड म्हणजे दोन पायांचा स्टँड, लोखंडी रेस्ट, रायफल टेकवायची विकतची बॅग, घरी शिवलेली पिशवी आणि माझा डावा तळहात. रायफल मुलीची, नळी खाली वाकवून भरायची, ओपन साईटची, म्हणजे दुर्बिणीशिवाय नुसत्या खुणांवरून नेम धरायची. ती उभी राहून मारते, तिथे कसलाच टेकू चालत नाही. मला रेस्ट हवा होता तो साईट लावायला, आणि या नळीला कोणते पेलेट (छर्रे) मानवतात ते बघायला. उभ्याने मारताना चूक हाताची की रायफलची, हे कळायला मार्ग नसतो. टेबलावर बसून मारलं की हाताची चूक पुष्कळ कमी होते.

सुरुवात बायपॉडने केली, कारण दुकानदाराने तोच हातात दिला. पुढच्या लाकडावर आवळायचा, पाय फरशीवर. दिसायला रायफल अगदी दगडासारखी स्थिर. १० मीटरवर पाच पेलेटचा ग्रुप, म्हणजे भोकांचा पसारा, २५ ते ३० मिलिमीटरचा पडत होता. मला वाटलं, स्प्रिंगची आहे, एवढंच देणार. त्या ग्रुपच्या मध्यावर मी साईट लावून दिली आणि मुलगी क्लबच्या सरावस्पर्धेला गेली. तिथे तिचे पेलेट सलग खाली पडले, साधारण १२ मिलिमीटर. आंतरराष्ट्रीय एअर रायफल टार्गेटवर एक रिंग अडीच मिलिमीटरची असते, म्हणजे जवळजवळ पाच रिंगांचा फरक. पोरगी सबंध वेळ स्वतःचाच ट्रिगर दुरुस्त करत बसली. चूक तिची नव्हती, मी लावलेल्या साईटची होती. हे मला फार लागलं.

क्लबच्या सरांना कार्डं दाखवली. त्यांनी पहिलाच प्रश्न केला, "ताई, साईट कशावर ठेवून लावलीत?"

"बायपॉडवर, सर."

"मग ती साईट बायपॉडची झाली. तिच्या हाताची नाही."

कारण असं आहे. ट्रिगर सुटला की स्प्रिंग जड पिस्टनला पुढे फेकते आणि तेवढ्यात रायफल मागे सरकते. पिस्टन पुढे दाबलेल्या हवेवर आदळतो, तेव्हा रायफलला उलट, पुढच्या बाजूला हिसका बसतो. ही सगळी हालचाल काही मिलिसेकंदांची, पण पेलेट नळीतून सुटायच्या आधीच तिची सुरुवात झालेली असते. म्हणजे पेलेट बाहेर पडताना नळी हलतच असते. ते हलणं दर वेळी एकसारखं झालं तर पेलेट एकाच भोकात जातात. आधार कडक असला तर रायफल त्याच्यावरून उसळते, आणि उसळते ती बहुतेक वरच्या अंगाला. आमचे पेलेट बायपॉडवर वर जात होते, मी साईट खाली घेतली, आणि हातात आल्यावर रायफल खाली मारू लागली.

जुन्या मॅच रायफली बनवणाऱ्यांनी हा धक्का मुळातच सोडवला होता. जर्मनीच्या फाइनवेर्कबाउ ३००एस मध्ये यंत्रणा लाकडी दस्त्यातल्या रुळांवर सरकते आणि धक्का खांद्यापर्यंत येतच नाही. आपल्या साध्या स्प्रिंग रायफलला ते रूळ नाहीत. मग सरकायची मोकळीक आपणच द्यायची.

लोखंडी रेस्टबद्दल थोडक्यात : पुढे रबर, मागे पट्टा, उंचीला स्क्रू. पट्टा घट्ट केला की ग्रुप फाटायचा, सैल केला की थोडा सुधारायचा. विकतची बॅग बरी होती, पण तिचा वरचा भाग रबरासारखा चिकट, त्यामुळे दस्ता अडायचा. वर जुना सुती रुमाल टाकल्यावर फरक पडला.

घरची पिशवी जुन्या जीन्सच्या पायाची, मशिनवर दुहेरी शिवण मारलेली. आधी वाळू भरली, ती दाबून दाबून विटेसारखी झाली. मग बाजरी भरली. चार महिने फार छान चालली, एप्रिलमध्ये सोंडे पडले. आता एमआयडीसीतल्या मोल्डिंगवाल्याकडून आणलेले प्लॅस्टिकचे दाणे आहेत, दोन तृतीयांश भरलेले. पावसाळ्याला हेच बरं. उंची कमी पडली तर खाली गोधडीची घडी.

पण खरी कमाल पिशवीवर तळहात ठेवल्यावर झाली. हाताची पाठ पिशवीवर, तळहात उघडा, त्यावर रायफल तोलबिंदूजवळ नुसती टेकलेली. बोटं मिटायची नाहीत. बट, म्हणजे दस्त्याचं मागचं टोक, खांद्याला लागेल एवढंच. तोफ गाड्यावर मोकळी मागे येते तशी रायफल येऊ द्यायची, म्हणून याला आर्टिलरी होल्ड म्हणतात. पहिल्या आठवड्यात मला हे जमेना, हात आपोआप आवळायचा. जमल्यावर ग्रुप ११-१२ मिलिमीटरवर आला. हात तीन बोटं पुढे सरकला तरी पेलेटची जागा बदलते, म्हणून दस्त्यावर चिकटपट्टीची खूण केली आहे. नेम धरून डोळे मिटायचे, अंग सैल सोडायचं, डोळे उघडायचे. साईट हलली असेल तर रायफल ओढायची नाही, पिशवी किंवा खुर्ची सरकवायची.

मे महिन्यात ग्रुप अचानक पसरला. मी दोन दिवस पिशवीला दोष देत राहिले. दस्त्याचा पुढचा स्क्रू सैल झाला होता. आता दर २०० पेलेटनंतर तो तपासते.

शेवटची पाच-दहा पेलेट मात्र मुलगी स्वतः उभी राहून मारते आणि साईटचा अखेरचा क्लिक त्यावरच ठरतो. तळहातावर लावलेली साईट आणि तिची उभ्याची साईट यांत आता दोन-तीन मिलिमीटरचाच फरक राहतो.

बायपॉड कपाटात आहे. लोखंडी रेस्ट क्लबमधल्या एका मुलाला दिला. त्याची पीसीपी आहे, म्हणजे आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी रायफल, तिला पिस्टनचा धक्का नाही, आणि त्याच रेस्टवर तिचे ग्रुप सुंदर पडतात.