होल्स्टर कुठलं? आधी डाव्या हाताला विचारा

गेल्या पावसाळ्यात इथे ग्वाल्हेरला, कंपू भागाजवळ स्कूटर घसरली आणि उजव्या मनगटाला सहा आठवड्यांचं प्लास्टर बसलं. पेट्रोल पंपाची रोकड बँकेत न्यायचं काम त्या दिवसांत मॅनेजरकडे गेलं आणि रिव्हॉल्वर कपाटात. एका दुपारी सहज म्हणून रिकामं रिव्हॉल्वर नेहमीच्या जागी, उजव्या कमरेच्या मागे खोचलं आणि डाव्या हाताने काढून बघितलं. हात पाठीमागून वळसा घेऊन जेमतेम मुठीला पोचला, तीही उलटी हातात आली, आणि बाहेर निघालं तेव्हा नळीचं तोंड माझ्याच पाठीकडे! बारा वर्षं जे कमरेला लावून हिंडलो, ते एक हात गेल्यावर माझ्याच जिवावर उठणार होतं.

माधवगंजातल्या आमच्या मावसभावाला नुकतंच लायसन्स मिळालंय आणि तो विचारतोय, होल्स्टर, म्हणजे हत्यार अंगावर बाळगायचं कव्हर, कुठलं घेऊ. त्याच्यासाठी हे लिहितोय.

आधी कायद्याचं, थोडक्यात. आपल्या ग्वाल्हेरला खांद्यावर दुनळी टाकून मोटरसायकलवर जाणारा माणूस बघून कुणी वळूनही बघत नाही. पण २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे रिव्हॉल्वर-पिस्तूल सार्वजनिक जागी न्यायचं तर होल्स्टरमध्ये किंवा तशाच पिशवीत, पूर्ण झाकलेलं आणि आपल्या ताब्यात हवं. म्हणजे शर्ट बाहेर सोडणं ही ऐट नाही, नियम आहे. जत्रा, मिरवणूक, सभा, शाळा-कॉलेजचं आवार इथे न्यायचंच नाही. लग्नामुंजीला मी घरीच ठेवतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर हर्ष फायरला, म्हणजे आनंदाच्या भरात गोळ्या झाडण्याला, दोन वर्षांपर्यंत कैद, लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे, आणि मांडवात ‘जरा दाखवा ना’ म्हणणारा एक तरी भेटतोच.

आता हत्यार. ९ मिलिमीटर आपल्याला मिळत नाही, ते निषिद्ध बोअर, म्हणजे नळीचं बंदी असलेलं माप. त्यामुळे बहुतेकांकडे .३२ चं रिव्हॉल्वर नाहीतर पिस्तूल. माझं कानपूरचं, सहा गोळ्यांचं, वेब्ली घाटाचं, मधून मोडून भरायचं. पिस्तूल चपटं असतं, पोटाशी लपतं. रिव्हॉल्वरचं सिलिंडर मात्र कमरेला लिंबू बांधल्यासारखं फुगतं, आणि मागे उघडा घोडा (हॅमर, चाप नव्हे) शर्टच्या अस्तरात अडकतो. निवड करताना हे दोन्ही धरून चालायचं.

उजव्या कमरेच्या मागे, पँटच्या आत: झाकायला याच्याइतकं चांगलं काही नाही. उभ्याने उजव्या हाताला सहज सापडतं. पण गाडीत सीट बेल्ट लावला की मूठ पाठ आणि सीटच्या मध्ये दबते, आणि डाव्या हाताचं काय होतं ते वर सांगितलंच. दिवसाचे चार तास स्टिअरिंगमागे असाल तर ही जागा सोडा.

पोटासमोर, बेंबीच्या जरा उजवीकडे: इथे दोन्ही हात पोचतात. डाव्याला मनगट उलटं वळवावं लागतं, पण मूठ डोळ्यांसमोर असते, चाचपडावं लागत नाही. हल्ली सगळे हेच सुचवतात. मला दोन गोष्टी खटकतात. नळीचं तोंड मांडीच्या मुळाकडे असतं, जिथे मोठी धमनी आहे. आणि आमच्यासारखं चाळिशीनंतर पोट सुटलेलं असेल, तर खाली बसलं की मूठ बरगडीत रुतते. गादीवर मांडी घालून हिशेब करणाऱ्याने तर नावच काढू नये.

क्रॉस-ड्रॉ, म्हणजे डाव्या कमरेला पुढच्या बाजूला, मूठ उजवीकडे: जुन्या फौजी माणसांची आवडती जागा. गाडीत बसून उजव्या हाताने सरळ निघतं. डावा हात तर मुठीच्या अगदी जवळ; तळवा बाहेर करून पकडायचं आणि नळी बाहेरच्या बाजूने पुढे आणायची. मुरायला महिना लागला, पण जमतं. खोट अशी की काढताना नळी डावीकडच्या माणसावरून फिरते, आणि समोरून कुणी अंगाशी आला तर मूठ त्याच्याही हाताशी असते.

काखेतलं खांद्याचं होल्स्टर सिनेमात शोभतं. त्यावर कोट लागतो, आणि मे महिन्यात पंचेचाळीसच्या वर पारा असताना आमच्या लष्कर भागात कोट कोण घालणार? डाव्या हाताने डाव्या काखेतलं काढणं म्हणजे सर्कस. कमरेच्या पिशवीबद्दल एवढंच: चेन दोन हातांशिवाय नीट उघडत नाही.

मालाचं म्हणाल तर माझं पहिलं होल्स्टर मऊ चामड्याचं होतं, बाजारातून स्वस्तात घेतलेलं. रिव्हॉल्वर काढलं की त्याचं तोंड मिटायचं. परत ठेवताना दुसऱ्या हाताने उघडून धरावं लागे, म्हणजे बोटं नळीसमोर. एकदा त्याची दुमडलेली कड चापाच्या कडीत शिरली. रिकामं होतं म्हणून आज हसून सांगतोय. त्यात वरचा बटणाचा पट्टा उजव्या अंगठ्यासाठी शिवलेला, डाव्याने सुटायचाच नाही. शिवाय घामाने चामडं ओलं राहतं. पावसाळ्यात आठवडाभर आत राहिलेल्या काडतुसांच्या पितळेवर हिरवट बुरशीसारखा थर आला होता. तेव्हापासून रात्री हत्यार होल्स्टरमध्ये ठेवत नाही.

कायडेक्सचं कडक प्लास्टिक या बाबतीत सरस: तोंड मिटत नाही, घाम पीत नाही, हत्यार बसलं की ‘टक्’ असा आवाज येतो. पण ते साच्यावर ओढलेलं असतं. ज्याचा साचा त्यालाच बसतं. परदेशी पिस्तुलाचं होल्स्टर आपल्या .३२ ला ‘चालून जाईल’ म्हणणाऱ्या दुकानदाराला नमस्कार करून बाहेर पडावं. जाड, तोंडाशी पट्टी घालून कडक केलेलं चामडं हा मधला मार्ग, मी तोच धरला. आणि दीड इंची जाड पट्टा घ्या. ऑफिसचा पातळ पट्टा सातशे ग्रॅमला लोंबतो, मग होल्स्टर कितीही भारी असो.

डाव्या हाताचा सराव कसा? काडतुसं मोजून दुसऱ्या खोलीत, दार लावून. सिलिंडर दोनदा बघायचं, बोटाने चाचपून. समोर पक्की भिंत, घरातली मंडळी त्या बाजूला नाहीत याची खात्री. उजवा हात खिशात घालून ठेवायचा, नाहीतर तो मदतीला धावतोच. डाव्या मुठीत शर्टचा घोळ छातीपर्यंत ओढायचा, तो हनुवटीखाली दाबायचा, मग मूठ. बोट चापावर नाही, बाहेर सरळ. घाई नाही; दहा वेळा, बस्स. परत ठेवताना बघून, अंगठा घोड्यावर ठेवून. पहिल्या आठवड्यात माझा शर्ट दर दुसऱ्या खेपेला घोड्यात अडकत होता. चाप ओढायचा सराव करायचा तर डमी, म्हणजे बिनदारूची काडतुसं घाला, आणि खरा बार फक्त रेंजवर. गच्चीवर ‘एकच’ म्हणून काढलेला आवाज ठाण्यापर्यंत ऐकू जातो.

तर भाऊ, तू सडपातळ, पँट-शर्टवाला, आणि पिस्तूल घेणार म्हणतोस. तुला पोटासमोरचं कायडेक्स बरं पडेल, पण साचा तुझ्याच पिस्तुलाचा असेल तर. रिव्हॉल्वर घेतलंस तर माझ्यासारखं क्रॉस-ड्रॉ. कारागिराकडे जाशील तेव्हा पट्ट्याचं बटण कुठल्याही अंगठ्याने सुटेल असं शिवायला सांग, आणि पैसे द्यायच्या आधी तिथेच उजवा हात खिशात घालून रिकामं हत्यार दहा वेळा काढून, ठेवून बघ. कारागीर हसेल. माझाही हसला होता, मग स्वतःच टाके उसवून बटण दोन बोटं वर घेतलं त्याने.