निनाइट: "सॉफ्टवेअर भरून देऊ?"ला घरचं उत्तर

इंदुरात, जेल रोडवरून असो की आणखी कुठून, नवा लॅपटॉप घेतला की काउंटरवरून प्रश्न येतोच: "सॉफ्टवेअर भरून देऊ?" हे भरणं म्हणजे पुष्कळदा पेन ड्राइव्हवरचं जुनं गाठोडं. शिळा ब्राउझर, क्रॅक केलेलं ऑफिस आणि ते चालावं म्हणून बंद करून ठेवलेला डिफेंडर, म्हणजे विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस. नको म्हणा. निनाइट ही नेहमीची ॲप्स एका फटक्यात बसवून देणारी साइट घरगुती वापराला फुकट आहे.

निनाइटच्या साइटवर हव्या त्या नावांपुढे टिक करायची. क्रोम किंवा फायरफॉक्स, व्हीएलसी, झिप फाइली उघडायला सेव्हन-झिप, पीडीएफ वाचायला सुमात्रा पीडीएफ आणि लिब्रेऑफिस, एवढ्यात घरचं काम भागतं. (दिसतंय म्हणून तीन-तीन प्लेअर घेऊ नका.) एक छोटीशी फाइल उतरते. ती चालवली की प्रत्येक ॲप मूळ कंपनीच्या साइटवरून येतं, सोबत घुसणाऱ्या नको त्या टूलबारना परस्पर नकार जातो, आणि 'नेक्स्ट-नेक्स्ट' दाबत बसावं लागत नाही. तीच फाइल महिन्याभराने पुन्हा चालवली की मागे पडलेली ॲप्स अपडेट होतात, तेव्हा ती पुसू नका.

अडतं कुठे? फाइल छोटी असली तरी खरा माल नंतर उतरतो. एकटं लिब्रेऑफिसच ३०० एमबीच्या वर जातं. विंडोज नव्याने टाकल्यावर वायफायचा ड्रायव्हर नसेल तर अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा. लॅपटॉप एस मोडमध्ये (फक्त मायक्रोसॉफ्ट स्टोअरची ॲप्स चालू देणारं विंडोज) असेल तर निनाइट चालणारच नाही. त्यातून बाहेर पडणं फुकट आहे, पण परतीची वाट नाही. सगळं सी ड्राइव्हवरच बसतं, डी निवडता येत नाही. एखादं ॲप राहिलं तर 'शो डिटेल्स' उघडून कोणतं ते बघा.

मराठीसाठी मात्र निनाइटचा काही उपयोग नाही. ते काम विंडोजमध्येच करायचं. सेटिंग्जमध्ये 'टाइम अँड लँग्वेज', मग 'लँग्वेज अँड रीजन'मध्ये मराठी जोडा. इनस्क्रिप्ट, म्हणजे देवनागरीचा प्रमाण कीबोर्ड, आपोआप मिळतो. रोमन अक्षरांवरून लिहायची सवय असेल तर मराठीच्या कीबोर्ड पर्यायांतून फोनेटिक वेगळा घ्या. अदलाबदल विंडोज आणि स्पेस या बटणांनी. जुन्या फाइलींना लागणारा मंगल फॉन्ट विंडोज १० पासून मूळ संचात नसतो. 'ऑप्शनल फीचर्स'मधून देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स घेतले की मंगलबरोबर कोकिळा, अपराजिताही येतात. लिब्रेऑफिसात देवनागरीचा फॉन्ट इंग्रजीपेक्षा वेगळा ठरतो: 'टूल्स', 'ऑप्शन्स', 'रायटर', 'बेसिक फॉन्ट्स (सीटीएल)'. हा पर्याय दिसत नसेल तर भाषांच्या सेटिंगमध्ये 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट'वर (हेच ते सीटीएल) टिक नाही, असं समजा.

कृतिदेव या युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमधली जुनी पत्रं असतील तर तो फॉन्ट वेगळा टाकावा लागतो किंवा मजकूर कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणावा लागतो. नुसता मंगल निवडून ती अक्षरं वाचता येत नाहीत.