मुलांमधला एमडीएस: थांबायचं, एटीजी द्यायचं की ट्रान्सप्लांट?

एमडीएस म्हणजे मॅरोत (हाडातल्या मज्जेत) रक्तपेशी नीट तयार न होण्याचा आजार. त्यात नुसती नजर ठेवून थांबायचं, एटीजी हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध द्यायचं की डोनरचा मॅरो बसवायचा (ट्रान्सप्लांट)? आज प्लेटलेट किती, यावर हा निर्णय होत नाही. तो होतो मॅरोतल्या ब्लास्टवर (अपरिपक्व पेशींवर), क्रोमोसोमच्या रिपोर्टवर आणि डोनरवर. म्हणून सोलापुरात 'एमडीएस असावा' एवढं कळलं की उपचाराआधी बी१२, फोलेट, कॅरिओटाइप (क्रोमोसोमची तपासणी), फँकोनी या जन्मजात आजारासाठी क्रोमोसोम ब्रेकेज चाचणी आणि जीएटीए२, एसएएमडी९ ही जनुकं तपासून घ्या. मॅरो नुसता ओढून भागत नाही, हाडाची बायोप्सी लागते. पेशी कमी दिसल्या तर किमान दोन आठवड्यांनी बायोप्सी पुन्हा.

ब्लास्ट ५ टक्क्यांच्या आत, क्रोमोसोम नॉर्मल, न्यूट्रोफिल (संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) १०००च्या वर आणि रक्त चढवावं लागत नाही, अशा मुलाला नियमित तपासण्या करत थांबता येतं. मात्र ३८ अंश सेल्सिअसवर ताप गेला तर रात्र असली तरी दवाखाना गाठायचा.

आकडे घसरले, रक्त लागू लागलं आणि जुळणारा डोनर नसेल, तर घोड्यापासून बनवलेलं एटीजी आणि सायक्लोस्पोरिन, हेही प्रतिकारशक्ती दाबणारं औषध. गुण यायला तीन ते सहा महिने लागतात, आजार उलटू शकतो, आणि फँकोनी किंवा जीएटीए२चा दोष असेल तर हा मार्गच नको. सायक्लोस्पोरिनची रक्तातली लेव्हल सकाळच्या डोसआधी काढतात. हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला निघताना सवयीने औषध पाजलं की ती तपासणी वाया गेली. एप्रिल-मेच्या उन्हात मुलाला पाणी कमी पडू देऊ नका, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाची खूण) चढतं. रक्तदाबही बघत राहायचा.

मोनोसोमी ७ (क्रोमोसोम ७ची एक प्रत गायब) असेल किंवा ब्लास्ट वाढले असतील, तर एटीजीत वेळ घालवू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. तिथे ट्रान्सप्लांटच, तोही लवकर. अपवाद एकच: एसएएमडी९चा दोष असलेल्या काही लहानग्यांत मोनोसोमी ७ आपोआप जाते. ॲझासायटिडीन हे केमोचं औषध एकट्याने आजार बरा करत नाही. डोनरची जुळवाजुळव होईपर्यंत आजार आवरून धरायला ते कामी येतं.

सख्ख्या भावंडाचं एचएलए (डोनर जुळवण्यासाठी पाहतात ती पेशींवरची ओळखखूण) जुळण्याची शक्यता २५ टक्के. नाही जुळलं तर बाहेरचा डोनर, नाहीतर आईवडिलांपैकी एकाचा अर्धा जुळणारा मॅरो. त्यात संसर्ग आणि जीव्हीएचडी (डोनरच्या पेशींनी मुलाच्या शरीरावर केलेला हल्ला) जास्त सांभाळावं लागतं. फँकोनी असेल तर ट्रान्सप्लांटआधीच्या केमोचा डोस बराच कमी ठेवावा लागतो, म्हणून ती तपासणी राहून गेलेली चालत नाही. जुळलेल्या भावंडातही तोच जनुकदोष लपलेला असू शकतो, त्याचीही तपासणी करा. आणि तोवर काका-मामांचं, आईवडिलांचं रक्त मुलाला चढवू नका. शरीर त्यांच्या पेशींविरुद्ध तयार होतं आणि पुढे मॅरो नाकारला जाऊ शकतो. रक्तपेढीतून ल्युकोरिड्यूस्ड (पांढऱ्या पेशी गाळलेली) आणि इरॅडिएटेड (किरण दिलेली) पिशवीच मागा.